फोटो उघडला म्हणून फोन हॅक होतो का? – फोटोच्या फाईलमधल्या चुका आणि त्या सांगण्याची रीत



गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. ‘शुभ सकाळचे फोटो उघडू नका. त्यात हॅकरने कोड लपवलाय. फोटो उघडला की बँकेचं खातं रिकामं.’ त्याच दिवशी पोलादपूरच्या बाजूच्या एका वाडीतून एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, “सर, मी सकाळपासनं एकपण फोटो उघडला नाही. पण पोराचा गृहपाठ फोटोतच येतो ना! मग करू काय?”

मी त्यांना सांगितलं, “ताई, गृहपाठ बघा, काही होत नाही.” फोन ठेवला आणि मलाच प्रश्न पडला, की खरंच काही होत नाही का? शोध घेतला तेव्हा कळलं, की तो मेसेज अफवा होता, पण त्यातली मूळ गोष्ट अगदीच खोटी नाही. फोटोची फाईल उघडताना घडणाऱ्या चुका खऱ्या आहेत आणि त्या वारंवार सापडल्या आहेत. म्हणून हा पाठ. आठवी ते दहावीच्या मुलांना तो सहज समजतो. गणित फक्त गुणाकार आणि वजाबाकीचं आहे.

आपल्या भागात हा विषय महत्त्वाचा आहे, याला आणखी एक कारण आहे. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये कितीतरी घरांतली कागदपत्रं चिखलात गेली. तेव्हापासून आधार, सातबारा, शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळ्याचे फोटो आपण फोनमध्ये ठेवायला लागलो. आज आपलं कपाट म्हणजे आपला फोन. त्या कपाटाच्या दाराविषयी थोडं माहीत असायला हवं.

१) फोटो म्हणजे नुसते आकडे

मुलांना आधी हे सांगा, की फोनच्या आत चित्र नसतं, आकड्यांची रांग असते. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. अशा एका आकड्याला बाइट म्हणतात. फोटोतल्या एका ठिपक्यासाठी साधारण तीन बाइट लागतात, लाल किती, हिरवा किती आणि निळा किती.

पण नुसत्या रंगांच्या आकड्यांवरून चित्र मांडता येत नाही. म्हणून फाईलच्या सुरुवातीला एक चिठ्ठी असते. हा कोणत्या प्रकारचा फोटो आहे, रुंदी किती, उंची किती. जेपीजी फाईलचे पहिले दोन बाइट नेहमी २५५ आणि २१६ असतात. पीएनजी फाईल १३७, ८०, ७८, ७१ अशी सुरू होते. त्यातले ८०, ७८ आणि ७१ म्हणजे पी, एन आणि जी या अक्षरांचे संगणकातले क्रमांक.

फोटो आकाराने लहान व्हावा म्हणून ते आकडे दाबून भरलेले असतात. आपण फोटोवर बोट ठेवलं, की फोनमधला एक छोटा प्रोग्राम चिठ्ठी वाचतो, तेवढी जागा राखतो, आकडे उलगडतो आणि त्या जागेत मांडतो. आता प्रश्न असा, की चिठ्ठीच खोटी असेल तर?

२) पातेलं लहान, आमटी जास्त

शाळेच्या पोषण आहाराचं उदाहरण घ्या. चिठ्ठीवर लिहिलंय, पाच लिटर आमटी येणार. ताईंनी पाच लिटरचं पातेलं ठेवलं. आली आठ लिटर. ताई माणूस आहेत, त्या ओतायच्या थांबतील. प्रोग्रामला कोणी ‘थांब’ असं लिहून दिलं नसेल तर तो ओततच राहतो. वरची तीन लिटर शेजारच्या पातेल्यात सांडते.

फोनच्या आत शेजारच्या ‘पातेल्यात’ काय असेल ते सांगता येत नाही. कधीकधी तिथे ‘पुढे काय करायचं’ याच्या सूचनाच ठेवलेल्या असतात. सांडलेले आकडे त्यांच्यावर पडले तर बहुतेक वेळा प्रोग्राम बंद पडतो. पण ज्याने फाईल मुद्दाम बनवली आहे, तो कोणते आकडे कुठे सांडतील हे मोजूनमापून ठरवतो. मग सूचनांच्या जागी त्याच्या सूचना येतात. फोटोच्या वाटेने घरात शिरणं म्हणतात ते हेच.

चार खरी उदाहरणं बघा.

पहिलं, वजाबाकीचं. जेपीजी फाईलमध्ये टिपणी लिहायची सोय असते. टिपणीआधी तिची लांबी दोन बाइटमध्ये लिहितात आणि त्या लांबीत हे दोन बाइटही धरतात. म्हणजे लांबी कमीत कमी २ असायलाच हवी. प्रोग्राम काय करायचा? लांबीतून २ वजा करायचा आणि तेवढे आकडे वाचायचा. आता कुणी मुद्दाम लांबी ० लिहिली तर? ० वजा २ म्हणजे उणे २. पण जिथे उणे संख्या ठेवायची सोयच नाही तिथे मोटरसायकलच्या मीटरसारखं होतं. सगळी शून्यं असताना मीटर दोन घरं मागे फिरवला तर सगळ्यात मोठ्या आकड्यांजवळ जातो. संगणकात तो आकडा येतो ४,२९,४९,६७,२९४. एवढे बाइट वाचायला प्रोग्राम निघाला की सांडणारच. सन २००० मध्ये नेटस्केप ब्राउझरमध्ये ही चूक सापडली. चार वर्षांनी, सप्टेंबर २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टलाही विंडोज आणि ऑफिससाठी याच जातीच्या चुकीची दुरुस्ती काढावी लागली. एकाने केलेली चूक दुसऱ्यानेही केली.

दुसरं, गुणाकाराचं. २०२० मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांना इन्स्टाग्राममध्ये एक फट सापडली. फोटोसाठी जागा किती लागेल हे काढायला रुंदी, उंची आणि प्रत्येक ठिपक्याचे बाइट यांचा गुणाकार करतात. गुणाकार मीटरच्या बाहेर गेला की मीटर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. समजा रुंदी ६५,५३६ आणि उंचीही ६५,५३६. गुणाकार ४,२९,४९,६७,२९६. पण ३२ बिटांच्या मीटरवर सगळ्यात मोठा आकडा आहे ४,२९,४९,६७,२९५. एकाने जास्त झालं, म्हणून मीटर दाखवणार शून्य! जागा राखली शून्य आणि ओतायला आणली एवढी आमटी.

तिसरं, व्हॉट्सअ‍ॅपचं. फोटोवर फिल्टर लावताना व्हॉट्सअ‍ॅप धरून चालायचं, की प्रत्येक ठिपक्याला चार बाइट आहेत. पण एकच बाइट असलेला फोटोही असू शकतो. १०० गुणिले १०० चा फोटो असेल तर प्रोग्राम ४०,००० बाइट वाचायला जाणार आणि फाईलमध्ये असणार १०,०००. उरलेले ३०,००० तो शेजाऱ्याच्या जागेतून वाचणार. हीसुद्धा चेक पॉइंटनेच शोधली. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपला कळवलं, २०२१ च्या सुरुवातीला दुरुस्ती झाली आणि जगाला तपशील कळला सप्टेंबर २०२१ मध्ये. या तारखांचा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

चौथं, सगळ्यात मोठं. वेबपी नावाचा फोटोचा प्रकार गूगलने २०१० मध्ये आणला. तो उलगडायचा प्रोग्राम गूगलने सगळ्यांना फुकट वापरायला दिला. क्रोम, फायरफॉक्स, एज, अँड्रॉइड आणि इतर असंख्य अ‍ॅप तोच वापरतात. ६ सप्टेंबर २०२३ रोजी अ‍ॅपलचं सुरक्षा पथक आणि टोरांटो विद्यापीठाची सिटिझन लॅब यांनी गूगलला कळवलं, की त्यात आमटी सांडण्याची जागा आहे. ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली. पण सुरुवातीच्या सूचनेत फक्त क्रोमचंच नाव होतं. चूक सगळ्यांनी वापरलेल्या त्या सामाईक प्रोग्राममध्ये आहे, हे बाकीच्यांना नीट समजायला आणखी दिवस गेले. अख्ख्या आळीने एकाच कारखान्याचं कुलूप लावलं असेल तर एका घरी सांगून भागत नाही, तसंच हे.

३) मग त्या ताईंनी घाबरायचं का?

नाही. अशा फटा शोधून त्यांचं हत्यार बनवणं फार महाग आणि फार अवघड काम आहे. सप्टेंबर २०२३ मध्येच अ‍ॅपलच्या फोनसाठी तातडीची दुरुस्ती आली, कारण फोटो पाठवून फोनमध्ये पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवलं जात होतं. सिटिझन लॅबला ते एका नागरी संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या फोनवर सापडलं. असली हत्यारं निवडक माणसांवर वापरली जातात. शुभ सकाळच्या फुलांवर ती कोणी खर्च करत नाही.

आपल्या माणसांचे पैसे जातात ते फोटोच्या नावाखाली आलेल्या, पण फोटो नसलेल्या फाईलमुळे. २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाईल होती, म्हणजे फोनमध्ये बसणारं अ‍ॅप. त्यांचे सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. तेव्हा घरी एवढंच सांगा. फाईलच्या नावाच्या शेवटी जेपीजी, पीएनजी असेल आणि ती नुसती दिसली तर ठीक. शेवटी एपीके असेल, किंवा फोन ‘इन्स्टॉल करू का?’ असं विचारायला लागला तर तिथेच थांबा. फोटो कधीही इन्स्टॉल करावा लागत नाही.

आणि खऱ्या फटांवर उपाय एकच, अपडेट. ‘जागा नाही’, ‘डेटा संपतो’ म्हणून आपण अपडेट पुढे ढकलतो. शाळेच्या कार्यालयातल्या संगणकाचीही तीच गत असते. दुरुस्ती जगाला मिळालेली असते, ती आपण घेतलेली नसते.

४) वर्गात करून बघा

सहा गुणिले सहाचा चौकटींचा कागद प्रत्येक जोडीला द्या. एका मुलाने दुसऱ्याला रंगांचे आकडे सांगायचे. ० म्हणजे कोरी चौकट, १ म्हणजे भरलेली. दुसऱ्याने ओळीने भरत जायचं. पहिल्या वेळी ३६ आकडे सांगा, चित्र येईल. दुसऱ्या वेळी गुपचूप ४० आकडे द्या आणि काय होतं ते बघत बसा.

आमच्या वर्गात काही मुलांनी उरलेले चार आकडे चौकटीच्या बाहेर भरले. एकाने तर शेजारच्याच्या कागदावर भरले! दोघी मुली मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, चौकटी संपल्या. आकडे चुकलेत.” मी फळ्यावर लिहिलं, ‘चांगला प्रोग्राम या दोघींसारखा थांबून विचारतो.’ सगळा पाठ त्या एका वाक्यात आला.

५) फट सापडली तर आधी कोणाला सांगायचं?

आता माझीच एक चूक सांगतो. आमच्या नववीतल्या एका मुलाने एका स्पर्धेचा ऑनलाइन फॉर्म भरला. त्यात फोटो आणि सही टाकायची होती. टाकलेला फोटो नीट दिसतोय का म्हणून त्याने लिंक उघडली. लिंकच्या शेवटी एक क्रमांक होता. त्याने सहज शेवटचा आकडा बदलला, तर भलत्याच मुलीचा फोटो आणि सही समोर! त्याने मित्राला दाखवलं. मित्राने आणखी पाच-सहा उघडले. एक स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर गेला.

प्रकरण माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी त्या मुलालाच झापलं. “तुला कोणी सांगितलं होतं नको तिथे बोटं घालायला?” तो खाली मान घालून म्हणाला, “सर, मी तुम्हाला सांगायलाच येत होतो.” मला फार वाईट वाटलं. फट ठेवली दुसऱ्याने, शोधली याने आणि बोलणी खाल्ली यानेच. त्या दिवशी तो एकच गोष्ट शिकला असता, की काही दिसलं तर गप्प बसायचं. शिक्षक म्हणून याहून मोठं नुकसान कोणतं?

पण त्याचा मित्र चुकला होता, हेही खरं. मग मुलांना बरोबर काय ते कसं समजवायचं? मी सावित्रीच्या पुलाची आठवण काढली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली. पूल गेल्याचं लक्षात येताच जवळच्या एका गॅरेजवाल्याने रस्त्यावर येऊन गाड्या थांबवल्या, खबर दिली. तिथे ओरडून सगळ्यांना सांगणं हेच बरोबर होतं.

एका मुलीने लगेच विचारलं, “मग फोटोची गोष्ट ग्रुपवर सांगितली तर काय चुकलं?” प्रश्न अगदी योग्य. फरक असा, की पुराचं पाणी आपले मेसेज वाचत नाही. तुटलेल्या पुलाची बातमी पसरली म्हणून पाणी वाढत नाही, फक्त माणसं वाचतात. कुलपाचं तसं नाही. शाळेच्या कपाटाचं कुलूप कुठल्याही किल्लीने उघडतं असं दिसलं आणि वर्गात ओरडून सांगितलं, तर दुरुस्ती व्हायच्या आधी चोराला कळेल. म्हणून आधी मुख्याध्यापकांना सांगायचं, कुलूप बदललं की मग सगळ्यांना. कुठे आधी ओरडायचं आणि कुठे आधी मालकाला गाठायचं, हे ऐकणाऱ्यांत चोर आहे की नाही त्यावर ठरतं.

आणि मुख्याध्यापकांनी लक्षच दिलं नाही तर? कायम गप्प बसणं हाही उपाय नाही, कारण चोर स्वतःहून शोधू शकतो. म्हणून जगात मुदत द्यायची पद्धत पडली. गूगलचं प्रोजेक्ट झीरो हे पथक फट कळवल्यावर ९० दिवसांची मुदत देतं. मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर तपशील जाहीर करतं. वर व्हॉट्सअ‍ॅपच्या तारखा लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या. आधी कळवणं, मग दुरुस्ती, मग लोकांना अपडेट घ्यायला वेळ आणि शेवटी जाहीर सांगणं, हाच तो क्रम. इन्स्टाग्रामच्या त्या फटीबाबतही दुरुस्तीनंतर सहा महिने थांबून मगच माहिती प्रसिद्ध केली गेली.

६) सोलापूरचं उदाहरण

हे सगळं परदेशातल्या कंपन्यांचं, असं मुलांना वाटू नये म्हणून सोलापूरच्या मयूर फरताडे या तरुणाची गोष्ट सांगा. २०२१ मध्ये, २१ वर्षांचा असताना, त्याला इन्स्टाग्राममध्ये एक फट दिसली. प्रत्येक फोटोला, व्हिडिओला एक क्रमांक असतो. तो क्रमांक हाती लागला तर खासगी खात्यातला मजकूरही फॉलो न करता बघता येत होता. आमच्या नववीतल्या मुलाला दिसली तशीच ही गोष्ट, फक्त जागा कितीतरी मोठी.

त्याने ती ग्रुपवर टाकली नाही. १६ एप्रिल २०२१ रोजी फेसबुकला कळवलं. त्यांनी आणखी माहिती मागितली, ती दिली. १५ जूनपर्यंत दुरुस्ती झाली. त्यानंतरच त्याने सगळं जाहीर लिहिलं. फेसबुकने त्याला ३०,००० डॉलर बक्षीस दिलं, म्हणजे तेव्हाचे सुमारे २२ लाख रुपये. फट हीच, डोकं हेच. वापर कसा केला यावर बक्षीस की गुन्हा हे ठरलं.

गुन्हा हा शब्द मुद्दाम वापरतोय. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, माहिती उतरवून घेणं यासाठी भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी फक्त बघत होतो’ हे सांगून सुटका होईलच असं नाही. मुलांना हे घाबरवायला नाही, सावध करायला सांगा.

७) मुलांना द्यायचे नियम

• चुकून फट दिसली तर तिथेच थांबा. एकदा दिसली तेवढं पुरे, दहा वेळा उघडून बघायचं नाही.
• दुसऱ्याचा फोटो, सही, माहिती जतन करायची नाही, पुढे पाठवायची नाही.
• त्याच दिवशी शिक्षकांना किंवा पालकांना सांगा. कळवायचं काम मोठ्या माणसाने करायचं.
• पत्रात चार गोष्टी लिहा. कुठे दिसलं, कधी दिसलं, काय केल्यावर दिसलं आणि त्यामुळे कोणाचं नुकसान होऊ शकतं. धमकी नको, पैशांची मागणी नको.
• मालक दाद देत नसेल तर सर्ट-इनला कळवा. ही केंद्र सरकारची संगणक सुरक्षेची संस्था जानेवारी २००४ पासून काम करते आणि अशा फटांची माहिती स्वीकारते.
• पैसे गेलेच असतील तर मात्र वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आणि आपल्यासाठी, म्हणजे शिक्षक-पालकांसाठी, एकच नियम. मूल सांगायला आलं, तर आधी ऐकून घ्या. झापायचं असेल तर नंतरही झापता येतं.

त्या फॉर्मचं पुढे काय झालं? ग्रुपवरचा स्क्रीनशॉट काढायला लावला. मग त्या मुलाला शेजारी बसवून संस्थेला पत्र लिहिलं. वाक्यं त्याची, सही माझी. बारा दिवस उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. त्यानंतर काही दिवसांनी लिंक उघडेनाशी झाली. आभाराचं एक ओळीचंही पत्र आलं नाही. तो रोज मधल्या सुट्टीत विचारायचा, “सर, उत्तर आलं का?” शेवटी मीच त्याला म्हटलं, “लिंक बंद झाली ना, तेच उत्तर.” तो म्हणाला, “मग त्या मुलीचा फोटो आता कोणाला दिसणार नाही ना, सर?”

मी त्याची माफी मागितली होती, पण वर्गासमोर नव्हती. दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर तेही केलं.

हा पाठ आपल्या वर्गात घ्या. चौकटींचा खेळ तर नक्की घ्या आणि चाळीस आकडे दिल्यावर किती मुलं थांबली ते मोजा.